तालमीच्या खुणा आणि बारांचे क्रमांक

वाद्यवृंदाचा संचालक तालमीच्या मध्यावर हात खाली घेतो, वादन थांबते, कोणाचा स्वर चढला आणि कोणाचा ठेका सैल पडला हे तो दोन शब्दांत सांगतो, आणि त्यानंतर त्याच्यापुढे एक अगदी साधा परंतु अनिवार्य प्रश्न उभा राहतो : आता पुन्हा आरंभ करावयाचा तो कोठून? त्याच्या स्वतःच्या स्टँडवर संपूर्ण स्कोअर उघडा असतो आणि त्यात बासरीपासून डबल बासपर्यंत सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक मांडलेल्या असतात. परंतु समोर बसलेल्या साठ वादकांपैकी प्रत्येकापाशी केवळ त्याच्या वाद्यापुरता उतरवून घेतलेला भाग, ज्याला पार्ट म्हणतात, तेवढाच असतो. संचालकाचे सत्तेचाळिसावे पान पहिल्या व्हायोलिनचे सहावे असेल आणि टिंपनी वाजविणाऱ्याचे दुसरेच असेल. ‘बासरीची ती हळवी चाल येते तेथून’ असे सांगावे, तर ट्रॉम्बोनवाल्याच्या कागदावर बासरीचा एकही स्वर लिहिलेला नसतो. त्याच्या लेखी ती चाल म्हणजे बावीस बारांची निव्वळ विश्रांती असते. साठ माणसांचे एक मिनिट वाया गेले म्हणजे माणसागणिक हिशेबाने पुरा एक तास खर्ची पडला, हे त्रैराशिक ज्याने एकदा मांडून पाहिले, त्याला रचनेतील प्रत्येक स्थळाला सर्वांच्या कागदांवर एकसारखा असेल असा पत्ता देऊन ठेवणे किती निकडीचे आहे, हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

हा पत्ता दोन प्रकारांनी दिला जातो. रचनेतील प्रत्येक बारला आरंभापासून अखेरपर्यंत चढता क्रमांक असतो, हा पहिला प्रकार. आणि रचनेच्या महत्त्वाच्या वळणांवर चौकटीत किंवा वर्तुळात ठसठशीत अक्षर अथवा अंक लिहिलेला असतो, हा दुसरा. या दुसऱ्याला वादक मंडळी रिहर्सल मार्क म्हणतात. आपण त्याला तालमीची खूण म्हणू. गावच्या दप्तरात प्रत्येक जमिनीला सर्व्हे नंबर असतो, आणि त्याखेरीज गावकऱ्यांच्या तोंडी तिला ‘चिंचेचा मळा’ किंवा ‘देवीचा माळ’ असे नावही असते. मोजणी, खरेदीखत आणि वहिवाटीचे तंटे यांचा निवाडा नंबराने होतो, पण गड्याला कामावर धाडताना नावच उपयोगी पडते. बार-क्रमांक आणि तालमीची खूण यांचे परस्परनाते असेच आहे : एकात बिनचूकपणा आहे, दुसरीत तत्काळ ओळख पटविण्याचा गुण आहे, आणि संगीताचा कारभार सुरळीत चालावयाचा तर दोहोंची तरतूद असावी लागते. क्रमांक घालण्याचे काम आज संगणकाकडे निःशंकपणे सोपवावे, परंतु खुणा कोठे घालावयाच्या हा निर्णय मात्र रचना मनात वाजवून पाहणाऱ्या माणसानेच करावा, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बार म्हणजे काय, हे तबल्याच्या ठेक्याशी परिचित असलेल्या वाचकाला फार समजावून सांगावे लागू नये. पंचरेषांवर लिहिलेले पाश्चात्त्य संगीत उभ्या रेषांनी ठरावीक मात्रांच्या खंडांत विभागलेले असते आणि अशा दोन रेषांमधला खंड तो बार. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखनपद्धतीतही तालाचे विभाग उभ्या रेषांनी दाखविले जातात, समेखाली फुली, खालीखाली शून्य आणि इतर टाळ्यांखाली अंक लिहितात. मात्र या चिन्हांचे प्रयोजन निराळे आहे. ती आवर्तनाच्या आतले स्थान सांगतात. त्रितालात सम पहिल्या मात्रेवर आणि खाली नवव्या मात्रेवर येते, ती प्रत्येक आवर्तनात तेथेच येते, आणि ते आवर्तन कितवे हे मोजत बसण्याचे कारण कोणाला पडत नाही, कारण बंदिश फिरून मुखड्यावर येते आणि गायक व तबलजी समेवर एकमेकांना गाठतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदाची रचना मात्र बहुधा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी, आधीच सर्वस्वी लिहून ठेवलेली, आणि पुष्कळदा शेकडो बारांची असते. तीत परतून येण्याचे स्थळ आपोआप लाभत नाही, म्हणून ते कागदावर नेमून द्यावे लागते.

क्रमांक देण्याचे नियम वरवर पाहता पोरखेळ वाटतात. पण ते सर्वांनी एकाच रीतीने पाळले नाहीत, तर क्रमांकांचा हेतूच विफल होतो. पुष्कळ रचनांचा आरंभ पूर्ण बारने होत नाही. पहिल्या ठाशीव मात्रेच्या आधी एकदोन स्वर उचल म्हणून येतात. हा अपुरा बार मोजणीत धरीत नाहीत, आणि त्याच्यानंतरचा पहिला पूर्ण बार तो क्रमांक १. अनेक खंडांच्या सिंफनीत प्रत्येक खंडाची मोजणी नव्याने १ पासून सुरू होते. पुनरावृत्तीच्या चिन्हामुळे एखादा भाग दोनदा वाजविला गेला तरी त्याचे क्रमांक बदलत नाहीत, कारण क्रमांक हा कागदावरच्या बारचा असतो, कितव्यांदा वाजविला त्याचा नसतो. खरी अडचण येते ती पहिल्या व दुसऱ्या वेळचे शेवट वेगवेगळे लिहिलेले असतात तेव्हा. समजा, पहिला शेवट १५ व १६ या बारांचा आहे. तर दुसऱ्या शेवटाला १७ व १८ म्हणून मोजणी सरळ पुढे न्यावी, हा एक संप्रदाय, आणि त्याला १५ बी व १६ बी म्हणून पुढील मोजणी १७ पासून धरावी, हा दुसरा. दोन्ही ग्राह्य आहेत. परंतु स्कोअरमध्ये एक आणि पार्टमध्ये दुसरा असे झाले, की तेथून पुढे सारी रचना दोन बारांनी चुकत जाते.

या मोजणीचे सामर्थ्य पाहावयाचे असेल तर बीथोवनच्या पाचव्या सिंफनीचा पहिला खंड घ्यावा. १८०८ च्या डिसेंबरात व्हिएन्नात ती प्रथम वाजविली गेली. या खंडात ५०२ बार आहेत. ५९ व्या बारमध्ये हॉर्न हाक देतात आणि दुसऱ्या विषयाची चाहूल लागते; १२५ पासून विस्ताराला आरंभ होतो; २४८ वर आरंभीची ती सुप्रसिद्ध चार स्वरांची आकृती सर्व वृंदाच्या बळानिशी परत येते; आणि त्यानंतर थोड्याच अवकाशाने, २६८ व्या बारमध्ये, सगळा गदारोळ एकाएकी थांबून एकटा ओबो सावकाश, जणू लयीचे बंधन झुगारून, एक आलापसदृश ओळ वाजवितो. व्हिएन्नातल्या वृंदाने तालीम करावी अथवा मुंबईच्या एनसीपीए या कलासंस्थेत २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने करावी, २६८ म्हटले की त्या ओबोखेरीज दुसरे काही अभिप्रेत असू शकत नाही. अक्षरांच्या बाबतीत ही शाश्वती नसते; ती प्रकाशकाने किंवा संपादकाने आपल्या समजुतीप्रमाणे घातलेली असतात, आणि एका आवृत्तीचे सी दुसऱ्या आवृत्तीच्या सी पासून पुष्कळ दूर पडू शकते.

असे असताना अक्षरे हवीत तरी कशाला, असा प्रश्न येथे कोणी करील. त्याचे उत्तर डोळ्यांच्या सोयीत आहे. क्रमांक सामान्यतः प्रत्येक ओळीच्या आरंभी, बारीक टाइपात छापलेला असतो. २६८ सांगितल्यावर वादकाला २६१ पासूनची ओळ शोधून पुढे बोटाने मोजावे लागते. ठसठशीत चौकटीतले अक्षर मात्र पान समोर धरताच नजरेत भरते. या अक्षरांचे श्रेय सामान्यतः जर्मन व्हायोलिनवादक व रचनाकार लुई श्पोर (१७८४–१८५९) याला दिले जाते. हातात छडी घेऊन वृंद चालविणाऱ्या पहिल्या पिढीतील संचालकांपैकी तो एक होता, आणि ज्याच्यावर साठ माणसांना एका क्षणी एका स्थळी आणण्याची जबाबदारी पडली, त्यालाच ही गरज प्रथम भासावी हे स्वाभाविक आहे. पुढे या अक्षरांचेही संकेत ठरत गेले. रोमन वर्णमालेतील आय हे अक्षर एक या अंकासारखे दिसते म्हणून ते बहुधा गाळतात; वर्णमाला संपली की दुहेरी ए, दुहेरी बी असे पुढे जातात. फार मोठ्या रचनांना वर्णमाला अपुरी पडते, तेथे अंकच खुणा म्हणून वापरतात. स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘द राइट ऑफ स्प्रिंग’ या १९१३ साली पॅरिसमध्ये प्रथम सादर झालेल्या नृत्यसंगीतात अशा खुणा २०१ पर्यंत जातात, आणि ज्या ठिकाणी तंतुवाद्ये तो कर्कश स्वरसंघात घणासारखा पुनःपुन्हा आदळू लागतात, ते स्थळ ‘तेरा’ या खुणेनेच संगीतज्ञांमध्ये ओळखले जाते. मात्र खुणा अंकांच्या आणि शिवाय बारांचेही क्रमांक छापलेले, अशी दुहेरी व्यवस्था घातक होय. संचालकाने ‘तीस’ म्हटले की अर्धा वृंद तिसाव्या खुणेकडे आणि अर्धा तिसाव्या बारकडे जातो. म्हणून जेथे बार-क्रमांक छापावयाचे तेथे खुणा अक्षरांच्या असाव्यात, किंवा खुणेच्या चौकटीत त्याच बारचा क्रमांक लिहावा. या दुसऱ्या रीतीने दोन्ही पत्ते एकच होऊन जातात.

खूण कोठे घालावी, हा या विषयाचा गाभा होय. जेथे नवी चाल सुरू होते, जेथे लय किंवा स्वराधार बदलतो, जेथे गायक अंतऱ्याला येतो, जेथे वाद्यांचा एक समूह माघार घेऊन दुसरा पुढे सरसावतो, अशी स्थळे स्वभावतःच खुणेला योग्य असतात, कारण तालीम तेथूनच पुन्हा सुरू करावीशी वाटते. दर दहा बारांनी यांत्रिकपणे खूण घालण्याची चाल काही ठिकाणी आढळते. परंतु वाक्याच्या मध्यावर पडलेली खूण वादकाला अर्ध्या श्वासात उभे करते, आणि तेथून आरंभ केलेले संगीत कधीच नीट उभे राहत नाही. त्याचबरोबर दोन खुणांमध्ये फार अंतर पडू देणेही इष्ट नव्हे, आणि ते ठरविताना ज्याचे वाद्य बराच काळ गप्प असते त्याचा विचार आधी करावा. ट्रॉम्बोनच्या पार्टमध्ये चोवीस बारांची विश्रांती असेल तर ती चोवीस रिकामे बार मांडून लिहीत नाहीत. एक जाड आडवी रेघ आणि तिच्यावर २४ हा आकडा, एवढ्यावर काम भागते. या चोविसांतील नवव्या बारवर खूण असेल, तर ती रेघ तुटून ८ आणि १६ अशा दोन रेघा होतात. वादक मनाशी मोजत असतो, मध्येच त्याचे अवधान ढळते, आणि आठ बार सरून खूण आली हे इतर वाद्यांच्या चालीवरून ओळखताच त्याची मोजणी पुन्हा रुळावर येते. म्हणजे ज्याला तूर्त काहीच वाजवावयाचे नाही, त्याच्यासाठी तीच खूण सर्वांत मोलाची ठरते.

तोंडी सूचनेचीही एक शिस्त आहे. ‘चार बार आधी, बी च्या’ असे म्हणण्यापेक्षा ‘बी पासून मागे चार’ असे म्हणणे श्रेयस्कर, कारण अक्षर प्रथम ऐकू आले की सर्वांची नजर एकदम तेथे जाते आणि मग सारे एकत्र मागे मोजतात. ‘बी नंतर तिसरा’ या शब्दांत बी चा बार स्वतः धरावयाचा की नाही, हा संशय सदैव उरतो. तेथे बार-क्रमांक सांगितला की वादाला जागा राहत नाही.

हाताने लिहिण्याच्या काळात हे सारे काम नकलनविसाच्या माथी असे. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात, गोव्याच्या चर्चशाळांतून पंचरेषांचे वाचन लहानपणीच शिकून आलेल्या वादकांची मोठी परंपरा होती, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर संगीतकाराची चाल ऐकून तिचे वाद्यवृंदासाठी नोटेशन तयार करीत. हाताने लिहिलेल्या अशा नोटेशनमध्ये कोणी चार बार कमी करावयास सांगितले, की पुढचा प्रत्येक क्रमांक प्रत्येक पार्टमध्ये खोडून नव्याने लिहिणे आले. संगणकाने प्रथम जे ओझे उतरविले ते हेच. १९८८ साली फिनाले ही नोटेशन लिहिण्याची संगणक-प्रणाली आली, १९९३ मध्ये जोनाथन व बेन फिन या ब्रिटिश जुळ्या भावांचे सिबेलियस, १९९६ मध्ये लिलीपाँड. २००२ मध्ये वेर्नर श्वीअर याने म्यूजस्कोअर या मुक्त व विनामूल्य प्रणालीचे काम आरंभिले. आणि २०१६ मध्ये स्टाइनबर्गचे डोरिको बाजारात आले. २०२४ साली फिनालेचा विकास थांबविल्याची घोषणा झाली, तेव्हा कित्येक जुन्या लेखकांना दुसऱ्या प्रणालीकडे वळावे लागले. या सर्वांची मांडणी भिन्न असली तरी एका तत्त्वावर त्यांचे एकमत आहे : बारचा क्रमांक हा कोणी टाइप केलेला मजकूर नसून मोजणीचे फलित आहे, आणि एक बार वाढला किंवा घटला की पुढची मोजणी तत्क्षणी आपोआप दुरुस्त होते.

म्यूजस्कोअरचे उदाहरण घेऊन ही व्यवस्था जवळून पाहू. फॉरमॅट या मेनूतील स्टाइल उघडले म्हणजे बार-क्रमांकांचे एक स्वतंत्र पान सापडते. क्रमांक प्रत्येक ओळीच्या आरंभी दाखवावयाचा की ठरावीक बारांच्या अंतराने, पहिल्या बारवर १ छापावयाचा की नाही, हे तेथे मुक्रर करता येते. मैफलीच्या स्कोअरला ओळीच्या आरंभीचा क्रमांक पुरतो. ध्वनिमुद्रणाच्या पार्टमध्ये मात्र प्रत्येक बारखाली क्रमांक देणे हितावह, कारण तेथे स्टुडिओचा प्रत्येक क्षण मोलाचा असतो. आरंभीचा उचलीचा बार नवी रचना उघडतानाच नोंदविला, की तो मोजणीतून आपोआप वगळला जातो. एरवी कोणत्याही बारच्या गुणधर्मांत जाऊन त्याला मोजणीतून वगळण्याची, किंवा तेथून क्रमांकात काही संख्या मिळविण्याची व वजा करण्याची सोय आहे. वर सांगितलेल्या दुसऱ्या शेवटाच्या पहिल्या बारवर उणे दोन घातले, की तेथे पुन्हा १५ येतो. खंड संपतो तेथे सेक्शन ब्रेक घातला, की पुढील खंडाची मोजणी १ पासून सुरू होते.

तालमीची खूण घालण्यासाठी हव्या त्या बारचा पहिला स्वर निवडून कंट्रोल आणि एम या कळा एकत्र दाबाव्यात. सिबेलियसमध्ये हेच काम कंट्रोल आणि आर करतात, डोरिकोत शिफ्ट आणि ए. सिबेलियस व डोरिको अक्षरांचा क्रम स्वतः सांभाळतात. बी आणि सी यांच्यामध्ये नवी खूण घातली की जुने सी आपसूक डी होते. लिलीपाँड तर न सांगताच आय हे अक्षर गाळते. म्यूजस्कोअरमध्ये मागाहून एखादी खूण मध्ये घातली आणि क्रम विस्कटला, तर टूल्स या मेनूतील पुनर्क्रमाची आज्ञा द्यावी. पहिली खूण अक्षराची असेल तर पुढची सर्व अक्षरे ओळीने लागतात, आणि पहिल्या चौकटीत त्या बारचाच क्रमांक असेल तर पुढील चौकटींतही आपापल्या बारचे क्रमांक येतात. ही शेवटची गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण चौकटीतला आकडा बार वाढल्याने आपोआप बदलत नाही. बार-क्रमांक पुढे सरकतात आणि चौकट जुना आकडा धरून बसते, म्हणून बदल केल्यावर ही आज्ञा पुन्हा द्यावीच लागते. कंट्रोल आणि एफ दाबून क्रमांक किंवा अक्षर लिहिले की संगणक त्या स्थळी नेऊन सोडतो, ही आणखी एक सोय.

नवशिक्याकडून घडणारी सर्वांत महागाची चूक मात्र याहून साधी असते. तो पहिल्या ओळीवर सामान्य मजकूर म्हणून ए हे अक्षर टाइप करतो, त्याला चौकट काढतो, अक्षर ठळक करतो, आणि पडद्यावर ते हुबेहूब खुणेसारखे दिसते. परंतु तो मजकूर बासरीच्या ओळीला चिकटलेला असतो, सर्व वृंदाला नव्हे. त्यामुळे बासरीच्या पार्टमध्ये तो छापला जातो आणि उरलेल्या सर्वांच्या कागदांवर त्याचा मागमूस नसतो, त्याने कोणाची विश्रांतीची रेघ तुटत नाही, पुनर्क्रमातही तो सापडत नाही. खरी खूण स्कोअरमध्ये एकदा घातली, की ती प्रत्येक पार्टमध्ये उमटते. संगणकापुढे दिसण्याला किंमत नाही, वस्तू कोणत्या जातीची म्हणून नोंदविली आहे याला किंमत आहे, हा धडा येथे कायमचा शिकून घ्यावा.

एका प्रसंगी मात्र ही आपोआप होणारी दुरुस्ती आवरून धरावी लागते. पार्ट छापून वाटले गेले, वादकांनी त्यांवर पेन्सिलीने आपापल्या खुणा केल्या, आणि त्यानंतर २४ व्या बारपुढे दोन बार वाढले. आता संगणकाला मोकळे सोडले तर नव्या स्कोअरमधला २५ आणि वादकांच्या कागदांवरचा २५ हे निराळे होतील. अशा वेळी वाढलेल्या बारांना २४ ए व २४ बी अशी नावे देऊन मोजणीतून वगळावे, सर्व्हे नंबराला पोटहिस्से पाडावेत तसे. आणि बार गाळले असतील तर ते क्रमांक रिकामे सोडून पुढची मोजणी होती तशीच कायम ठेवावी. नाट्यसंगीताच्या आणि चित्रपटाच्या कामात ही रीत सर्रास चालते, आणि तिच्यामागील न्याय स्पष्ट आहे : क्रमांकांची अखंडता महत्त्वाची खरी, पण सर्वांच्या कागदांवरील त्यांची एकवाक्यता तिच्याहून महत्त्वाची.

या सर्व विवेचनावरून ध्यानात येईल, की मोजण्याचे, छापण्याचे आणि सरकविण्याचे काम संगणक माणसापेक्षा सरस करतो, आणि ते त्याच्याकडून करून न घेणे हा निष्कारण हट्ट ठरेल. परंतु एखादे वाक्य कोठे संपते, नवा श्वास कोठे घेतला जातो, अवघड जागा कोणती आणि ती पुनःपुन्हा घोटताना वादकांना कोठून धावत यावे लागेल, हे संगणकाला कळण्याचा मार्ग नाही. ते रचनाकाराला किंवा अरेंजरला आधी कळते, आणि ते त्याने सर्वांसाठी आधीच लिहून ठेवले पाहिजे. म्हणून पार्ट छापावयास धाडण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. संपूर्ण स्कोअर बाजूला ठेवून, ज्याला सर्वांत कमी वाजवावयाचे आहे अशा एखाद्या वादकाचा, समजा दुसऱ्या ट्रॉम्बोनचा, पार्ट हाती घ्यावा, आणि तेवढ्याच कागदाच्या आधारे रचना ऐकत एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर जाता येते की नाही हे पाहावे. जेथे वाट चुकेल तेथे खूण कमी आहे, जेथे खूण वाक्य तोडील तेथे ती सरकवावयास हवी, आणि जेथे आपण सहज पोचू तेथे दुसरा ट्रॉम्बोनवादकही सहज पोचेल. या परीक्षेला लागणारा वेळ लेखकाने एकट्याने खर्च केला, तर साठ जणांचा वेळ वाचतो, आणि तो सगळा संगीताच्या कामी येतो.